मुलाखत सल्लागाराची, परीक्षा शिक्षणाची

डिसेंबर उजाडला की आय.आय.टी.च्या आवारात, आणि त्यानंतरच्या महिन्यांत आय.आय.एम.च्या आवारात, एक निराळीच परीक्षा सुरू होते. तिला वेळापत्रक असते, पण अभ्यासक्रम नसतो. प्रश्न असतात, पण त्यांची छापील उत्तरे नसतात. परीक्षक समोरच बसलेला असतो आणि उमेदवाराने उत्तर काय दिले यापेक्षा ते कसे काढले याकडे त्याचे अधिक लक्ष असते. मॅकिन्झी, बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप, बेन यांसारख्या मोठ्या व्यवस्थापन-सल्लागार संस्थांत प्रवेश मिळवण्यासाठी द्यावी लागणारी ही मुलाखत. विद्यार्थ्यांच्या बोलीत तिला ‘केस इंटरव्ह्यू’ म्हणतात. मराठीत ‘प्रकरण-मुलाखत’ म्हणता येईल.

या परीक्षेची तयारी हा आता एक स्वतंत्र व्यवसाय होऊन बसला आहे. दोघांनी घड्याळ लावून समोरासमोर बसावे, एकाने परीक्षक व्हावे, दुसऱ्याने उमेदवार. आठवडेच्या आठवडे हा सराव चालावा. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी खालच्या वर्गासाठी टिपणांचे गठ्ठे तयार करावेत. आणि ज्यांना परवडते त्यांनी घसघशीत शुल्क मोजून खास शिकवणी लावावी, असे हे चित्र आहे. वरवर पाहता हा मूठभर भाग्यवंतांचा विषय वाटेल. शिक्षकाला, कारकुनाला, जिल्ह्याच्या गावी बी.कॉम. करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे काय, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. परंतु जरा खोलात शिरून पाहिले तर असे दिसते की, या मुलाखतीत जे तपासले जाते ते शिकवणे हे मुळात महाविद्यालयाचेच काम होते. महाविद्यालयाने ते सोडून दिले म्हणूनच ते आज बाजारात विकत घ्यावे लागते. आणि जे विकत घ्यावे लागते ते अर्थातच सर्वांच्या वाट्याला येत नाही.

मुलाखतीचे मूळ

सल्ला विकण्याचा धंदा तसा नवा नाही. बोस्टनमधील आर्थर डी. लिटल ही संस्था १८८६ साली स्थापन झाली. शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या जेम्स मॅकिन्झी यांनी आपली संस्था १९२६ साली काढली. ब्रूस हेंडरसन यांचा बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप १९६३ सालचा आणि बिल बेन यांची संस्था १९७३ सालची. आरंभी अशा संस्थांत अनुभवी माणसे घेतली जात. मॅकिन्झी संस्थेला आजचे रूप देणारे मार्विन बॉवर यांनी १९५० नंतरच्या दशकात ही रीत बदलली आणि व्यवस्थापन-विद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांना घेण्यावर भर दिला. अनुभव नसलेल्या माणसाची परीक्षा अनुभवावरून घेता येत नाही. त्याची विचार करण्याची रीतच तपासावी लागते. प्रकरण-मुलाखतीमागील तर्क हा असा आहे.

या मुलाखतीचा साचाही उसना आहे. हार्वर्डच्या विधी विद्यालयात ख्रिस्तोफर लँगडेल यांनी १८७० नंतर प्रत्यक्ष खटल्यांवरून कायदा शिकवण्यास सुरुवात केली. तीच पद्धत हार्वर्डच्या व्यवस्थापन-विद्यालयाने पुढे १९२० नंतर उचलली. आपल्याकडे १९६१ साली अहमदाबादेत भारतीय व्यवस्थापन संस्था उभी राहिली तीही हार्वर्डच्या सहकार्याने, आणि तिनेही हीच पद्धत स्वीकारली. म्हणजे वर्गात शिकवण्याची एक रीत पुढे नोकरीच्या दारातील चाळणी झाली. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण जी वर्गातून दारापर्यंत गेली ती पुन्हा वर्गात आणता येणार नाही असे थोडेच आहे?

दूध संघाचा नफा

या मुलाखतीत नेमके काय घडते हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, परीक्षक म्हणाला : ‘एका जिल्हा दूध संघाचा नफा वर्षभरात जवळजवळ निम्म्यावर आला आहे. कारण शोधा आणि उपाय सांगा.’ अप्रशिक्षित उमेदवार ताबडतोब उपाय सांगू लागतो. जाहिरात वाढवा, पनीर बनवा, शहरात नवी दुकाने काढा! त्याला अद्याप रोगच कळलेला नसतो. तयार उमेदवार आधी प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगतो, एखादे मिनिट मागून घेतो आणि प्रश्नाची फोड करतो. नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च. उत्पन्न म्हणजे दर गुणिले विक्री. तेव्हा घट झाली ती दरात, विक्रीत की खर्चात? आणि ती सर्व मालात सारखी की एखाद्याच मालात?

मग तो आकडे विचारतो. संघ रोज दोन लाख लिटर दूध गोळा करतो. त्यातील एक लाख चाळीस हजार लिटर पिशव्यांतून विकले जाते आणि उरलेल्या साठ हजार लिटरची भुकटी व लोणी होते, असे परीक्षक सांगतो. पिशवीच्या दुधावर लिटरमागे तीन रुपये सुटतात, त्यात फरक पडलेला नाही. भुकटी-लोण्याकडे जाणाऱ्या दुधावर पूर्वी लिटरमागे दोन रुपये सुटत. आता दोन रुपये तोटा होतो. उमेदवार तोंडी हिशेब करतो. पूर्वीचा रोजचा नफा चार लाख वीस हजार अधिक एक लाख वीस हजार, म्हणजे पाच लाख चाळीस हजार. आताचा चार लाख वीस हजार वजा एक लाख वीस हजार, म्हणजे तीन लाख. सारी घट भुकटीत आहे. विक्रेत्यांना दोष देण्याचे कारण नाही की टँकरच्या भाड्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. आता उपायाचा विचार : हिवाळ्यात दूध वाढते तेव्हा भुकटी करण्यावाचून गत्यंतर नसते, मग भुकटीकडे जाणारे दूध कमी कसे करावे, की भाव चढेपर्यंत साठा धरावा, आणि साठा धरला तर शेतकऱ्याचे दर दहा दिवसांचे बिल भागवायला पैसा कोठून आणावा?

या शेवटच्या प्रश्नापाशी येऊन एक गंमत होते. शहरातील सुस्थित घरात वाढलेल्या उमेदवाराला दुधाचे बिल दहा दिवसांनी येते, दर फॅट आणि एस.एन.एफ.वर ठरतो आणि एक पॉइंट कमी लागला तर घरात काय बोलणे होते, याची कल्पना नसते. कोल्हापूर, सांगली, नगर किंवा सोलापूर जिल्ह्यातील ज्या मुलाने पहाटे किटली घेऊन डेअरीवर खेपा घातल्या आहेत त्याला ती असते. प्रश्न त्याच्या अंगणातला असतो. तरीही त्या खुर्चीपर्यंत बहुधा पोचतो तो पहिला मुलगा. आणि दुसरा पोचलाच, तर आपल्याला हे ठाऊक आहे हेच त्याला ठाऊक नसते. कारण त्याच्या शाळा-महाविद्यालयाने त्याला कधी सांगितलेच नाही की, डेअरीची ती पावती म्हणजे अर्थशास्त्र आहे.

अदमास आणि दादाभाई

मुलाखतीतील दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे अदमास. ‘कोल्हापूर शहरात वर्षाला किती छत्र्या विकल्या जात असतील?’ असा प्रश्न येतो आणि उमेदवाराला घाम फुटतो. हा आकडा कोणत्याही पुस्तकात नाही, आणि परीक्षकालाही तो माहीत नसतो. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख. एका कुटुंबात साडेचार माणसे धरली तर सव्वा लाखाच्या आसपास कुटुंबे. घरटी दोन छत्र्या धरल्या तर अडीच लाख छत्र्या वापरात. एक छत्री तीन वर्षे टिकते असे मानले तर वर्षाला सुमारे ऐंशी हजार. येथे सामान्य उमेदवार थांबतो. चांगला उमेदवार स्वतःलाच अडवतो : दुचाकीवाले छत्री नव्हे, रेनकोट घेतात, उलट आसपासच्या खेड्यांतील लोक खरेदीला शहरात येतात, म्हणजे शहरात वापरल्या जाणाऱ्या छत्र्या आणि शहरात विकल्या जाणाऱ्या छत्र्या हे दोन वेगळे आकडे आहेत. प्रश्न विक्रीचा होता. आकडा ऐंशी हजार की एक लाख याला फारसे महत्त्व नाही. ‘वापर’ आणि ‘विक्री’ यांतला भेद ज्याला दिसला त्याची निवड होण्याचा संभव अधिक.

ही विद्या अमेरिकेतून आली असे समजणाऱ्यांना दादाभाई नौरोजींची आठवण करून देणे अगत्याचे आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन केलेल्या दादाभाईंनी १८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपले निबंध वाचले. देशाचे दरडोई उत्पन्न किती, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता आणि त्याचे तयार उत्तर कोणाकडेही नव्हते. त्यांनी प्रांतवार लागवडीखालील जमीन घेतली, तिला पिकाच्या उताऱ्याने गुणले, त्याला बाजारभावाने गुणले, इतर उत्पन्नाची भर घातली आणि लोकसंख्येने भागले. आकडा निघाला माणशी वीस रुपये. एवढ्यावर न थांबता त्यांनी तो तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावरील खर्चाशी ताडून पाहिला आणि सामान्य रयतेला कैद्याइतकेही मिळत नाही हे दाखवून दिले. सरकारी अहवालांत सरासरी काढण्याची जी सदोष पद्धत होती तिच्यावरही त्यांनी बोट ठेवले : एका जिल्ह्यात शंभर खंडी माल एका भावाने आणि दुसऱ्यात एक खंडी तिप्पट भावाने विकला गेला, तर दोन भावांची बेरीज करून दोनाने भागणे ही सरासरी नव्हे.

प्रश्नाची फोड, गृहीतांची कबुली, साधा गुणाकार आणि उत्तराची व्यवहाराशी पडताळणी हे सारे त्यात आहे. आजच्या प्रकरण-मुलाखतीत याहून निराळे काही मागितले जात नाही. फरक इतकाच की दादाभाईंनी ही रीत एका साम्राज्याचा हिशेब मांडण्यासाठी वापरली. पुढे १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली तिने घरोघर जाऊन पुणे शहराची आर्थिक-सामाजिक पाहणी केली, तीही याच परंपरेतील. गावातील शाळांतून पावकी, निमकी, दिडकी घोकून घेतली जात असे तेव्हा तोंडी हिशेबाला कोणी परदेशी नाव दिले नव्हते.

नवे गाईड

मग तयारीत अडचण कोठे आहे? अडचण अशी की, आपल्या विद्यार्थ्याला गाईडची सवय लागलेली आहे आणि बाजाराने या परीक्षेचेही गाईड काढले आहे. नफ्याच्या प्रश्नाला हा आराखडा, नव्या बाजारपेठेच्या प्रश्नाला तो आराखडा, दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाला तिसरा, अशा आकृत्या पाठ केल्या जातात. बार्बरा मिंटो या मॅकिन्झीतील बाईंनी एक चांगला दंडक घालून दिला होता : प्रश्नाचे भाग असे पाडावेत की ते एकमेकांवर चढणार नाहीत आणि मिळून सारा प्रश्न व्यापतील. हा तर्कशास्त्रातील विभागणीचाच नियम आहे. पण तोही आता मंत्रासारखा पुटपुटला जातो. दूध संघाचा प्रश्न आला की उमेदवार ‘ग्राहक, स्पर्धक, कंपनी’ अशी पाठ केलेली त्रयी म्हणून दाखवतो आणि दूध नाशवंत आहे ही साधी गोष्ट विसरतो. परीक्षक मुरलेला असतो. पोपटपंची त्याला दुसऱ्या वाक्यातच ओळखू येते.

खरी तयारी याहून साधी असते आणि म्हणूनच कठीण असते. प्रश्न पुरता ऐकून घ्यावा आणि तो आपल्या शब्दांत परत मांडावा. उद्दिष्ट काय, हे विचारून घ्यावे; नफा वाढवायचा आहे की शेतकऱ्याला जास्त दर द्यायचा आहे, यांवर सारे उत्तर अवलंबून असते. गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट ‘हे मी धरून चाललो आहे’ असे उघड सांगून धरावी. आकडेमोड मोठ्याने करावी, म्हणजे चूक झाली तर ती समोरच्याला दिसते आणि दुरुस्तही करता येते. आलेले उत्तर शक्य आहे काय हे पाहावे. गावाच्या लोकसंख्येपेक्षा ग्राहक जास्त निघाले तर कोठेतरी शून्य चुकले आहे. शेवटी निष्कर्ष आधी सांगावा आणि कारणे मागून. आपल्याकडे निबंधात नेमके उलट शिकवले जाते. आणि जेथे माहिती नाही तेथे ‘माहिती नाही, ती अशी मिळवता येईल’ असे सांगावे. या शेवटच्या वाक्याचा सराव आपल्या विद्यार्थ्याला सर्वांत कमी असतो, कारण कोऱ्या जागेला गुण नसतात, काहीतरी लिहिले तर दोन मिळतात, हे तो लहानपणापासून शिकलेला असतो.

मुलाखतीचा दुसरा भाग उमेदवाराच्या स्वतःच्या आयुष्याविषयी असतो. कधी मतभेद मिटवलात काय, कधी अपयश आले तेव्हा काय केलेत, लोकांना बरोबर घेऊन एखादे काम तडीस नेले आहे काय, असे प्रश्न येतात. येथेही उसन्या गोष्टी पाठ करून नेण्याची प्रथा पडली आहे. वास्तविक ज्या विद्यार्थ्याने गावच्या पाणीटंचाईत टँकरच्या रांगेची यादी ठेवली, वडील आजारी असताना सहा महिने दुकान चालवले किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रुसलेल्या दोन गटांकडून एक बंधारा पुरा करून घेतला, त्याच्यापाशी सांगण्याजोगे खूप असते. पण या गोष्टी सांगण्याच्या लायकीच्या नाहीत असा त्याचा समज असतो. तो दूर करणे हे तयारीतील अर्धे काम आहे. नेमके काय केले, कोणी विरोध केला, परिणाम काय झाला, आज पुन्हा तो प्रसंग आला तर काय वेगळे कराल, एवढे सरळ सांगता आले तरी पुरे.

न्याय कितपत?

ही चाळणी न्याय्य आहे काय, हा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. मुलाखतींवर पुष्कळ संशोधन झाले आहे. श्मिट आणि हंटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पंच्याऐंशी वर्षांतील अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले की, सर्वांना तेच प्रश्न आणि गुण देण्याचे निकष आधी ठरलेले, अशी आखीव मुलाखत ही मोकळ्या गप्पांवजा मुलाखतीपेक्षा पुढील कामाचा अंदाज अधिक बरोबर देते. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली जुनी आकडेमोड तपासून अनेक आकडे खाली आणले. तरीही आखीव मुलाखत निवडीच्या साधनांत अग्रस्थानीच राहिली. म्हणजे ठरावीक प्रश्न, ठरावीक निकष असलेली प्रकरण-मुलाखत ही ‘आपले नाव, गाव, छंद काय’ असे विचारून माणूस निवडण्यापेक्षा बरी, हे मान्य केले पाहिजे. वशिल्याच्या चिठ्ठीपेक्षा तर ती कितीतरी बरी.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी सल्लागार संस्था, गुंतवणूक बँका आणि बड्या वकिली संस्था यांच्या नोकरभरतीचा जवळून अभ्यास करून २०१५ साली ‘पेडिग्री’ हा ग्रंथ लिहिला. त्यांना असे दिसले की, स्पर्धा सुरू होण्याआधीच ती मोजक्या विद्यापीठांच्या यादीपुरती मर्यादित केली जाते, आणि मुलाखतीत गुणवत्तेच्या नावाखाली परीक्षक पुष्कळदा आपल्यासारखाच माणूस शोधतात. त्याचे छंद, बोलण्याची ढब, आत्मविश्वासाची तऱ्हा आपल्यासारखी असली की तो पसंत पडतो. आपल्याकडील यादी निराळी, पण तर्क तोच. ठरावीक आय.आय.टी., ठरावीक आय.आय.एम., दिल्ली-मुंबईतील काही महाविद्यालये. त्यापलीकडच्या विद्यार्थ्याचा अर्ज वाचला जाण्याची शक्यताच थोडी. मुलाखत कितीही निःपक्षपाती असली तरी जो दारापर्यंत आलाच नाही त्याला तिचा काय उपयोग?

इंग्रजीचा बाऊ हाही याच प्रश्नाचा भाग आहे. या संस्थांचे काम बहुतांशी इंग्रजीत चालते. तेव्हा इंग्रजी नको असे म्हणण्यात अर्थ नाही. तथापि भाषा येणे आणि भाषेचा तोरा मिरवणे या भिन्न गोष्टी आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने आधी मराठीत प्रश्नाची फोड करण्याचा सराव करावा आणि मग तीच फोड आखूड, साध्या इंग्रजी वाक्यांत मांडावी. विचार स्पष्ट असेल तर वाक्य लहान होते. विचारच नसेल तर इंग्रजी कितीही अस्खलित असले तरी ते पोकळ वाजते. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? पण आडात असूनही पोहराच मिळाला नाही अशी असंख्य मुले आपल्या महाविद्यालयांतून बसली आहेत, त्यांचा विचार कोणी करायचा?

सल्ला आणि सदसद्विवेक

ज्या नोकरीसाठी एवढा खटाटोप तिचे मोलही तपासून घ्यावे. पगार मोठा, प्रवास मोठा, कामाचे तासही तितकेच मोठे. पण प्रश्न केवळ तासांचा नाही. अमेरिकेतील अफूजन्य वेदनाशामक औषधांच्या विक्रीसंबंधी दिलेल्या सल्ल्यावरून मॅकिन्झीला २०२१ साली तेथील बहुतेक राज्यांशी सुमारे ५७ कोटी ३० लाख डॉलरांची तडजोड करावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीला दिलेल्या सल्ल्याच्या प्रकरणी आणखी ६५ कोटी डॉलर देण्याचे तिने मान्य केले. ज्यांनी तो सल्ला दिला ते सारे अशाच कठोर मुलाखतींतून पार पडलेले असणार. प्रश्नाची फोड त्यांना उत्तम येत होती. फक्त विक्री वाढवण्याच्या प्रश्नात माणसांची व्यसनाधीनता कोठे मोडते, हा भाग आकृतीतून सुटला. ‘भाग मिळून सारा प्रश्न व्यापला पाहिजे’ हा नियम तेथेच मोडला म्हणायचा.

सरकारी कामातही या संस्थांचा वावर वाढला आहे. २०१५ साली केंद्राची स्मार्ट सिटी योजना सुरू झाली आणि अनेक शहरांचे प्रस्ताव तयार करताना सल्लागारांची मदत घेण्यात आली. मारियाना माझुकाटो आणि रोझी कॉलिंग्टन यांनी २०२३ साली लिहिलेल्या ‘द बिग कॉन’ या पुस्तकात असा इशारा दिला आहे की, सरकारे विचार करण्याचे काम बाहेर देऊ लागली की त्यांची स्वतःची विचार करण्याची ताकद झिजत जाते. हा इशारा खरा असेल तर त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, आपल्या नगरपालिकांत, जिल्हा परिषदांत, सहकारी संस्थांत अशी फोड करू शकणारी माणसे हवीत. आणि दुसरी, सल्लागार संस्थांत जी माणसे जातील त्यांच्यात नळाला पाणी एक दिवसाआड येते म्हणजे काय हे अनुभवाने जाणणारी माणसेही असायला हवीत.

महाविद्यालयाचे काम

येथे पुन्हा वर्गाकडे यावे लागते. या संस्थांतील जागा थोड्या. बहुसंख्य विद्यार्थी तेथे जाणार नाहीत आणि जाण्याची गरजही नाही. पण तयारी मात्र वाया जात नाही. बँकेतील अधिकाऱ्याला कर्जाचा अर्ज तपासताना, तहसील कचेरीतील कारकुनाला पीकनुकसानीचा तक्ता पाहताना, शिक्षकाला पटसंख्या का घटली याचा विचार करताना, पतपेढीच्या संचालकाला थकबाकीचे कारण शोधताना हीच रीत लागते. विचारलेला प्रश्न आणि खरा प्रश्न यांतला भेद ओळखणे, माहीत असलेले आणि गृहीत धरलेले यांची सरमिसळ होऊ न देणे, हा काही कोणा सल्लागाराचा खास गुण नव्हे. सुशिक्षित माणसाचे ते किमान लक्षण आहे.

त्यासाठी नव्या इमारती लागत नाहीत. आठवड्यातून एक तास एवढ्यासाठी राखून ठेवता येईल. एक साधा, स्थानिक प्रश्न घ्यावा : एस.टी.च्या या मार्गावर तोटा का होतो, गावच्या आठवडे बाजारात किती उलाढाल होते, महाविद्यालयाच्या उपाहारगृहात रोज किती चहा खपतो. चहाचा अदमास आधी फळ्यावर करावा आणि मग उपाहारगृहाच्या चालकाला जाऊन विचारावे. आकडा चुकला तर का चुकला हे शोधण्यात जे शिक्षण आहे ते दहा पाठांत नाही. विद्यार्थ्यांनी जोड्या करून एकमेकांच्या मुलाखती घ्याव्यात. परीक्षक होणाऱ्यालाही त्यातून तितकेच शिकता येते. बाहेर नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांना सुट्टीत गावी आल्यावर एक दिवस बोलवावे. येणारे पुष्कळ आहेत, बोलावणे जात नाही एवढेच.

अर्थात प्राध्यापकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. अनेक महाविद्यालयांत जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकाला महिन्याची मिळकत निश्चित नाही, आणि शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात तोंडी काम घेणे सोपे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घोकंपट्टीऐवजी विचारशक्तीवर भर देण्याची भाषा केली आहे. पण प्रश्नपत्रिका जोवर ‘टिपा लिहा’ म्हणत राहील तोवर विद्यार्थी टिपाच लिहीत राहणार. मागणी व पुरवठ्याच्या व्याख्येला दहा गुण आणि गावच्या कांद्याचा भाव का पडला याला शून्य, ही वाटणी बदलल्याशिवाय धोरणाची भाषा कागदावरच राहील.

जबाबदारी संस्थांचीही आहे. गुणवत्तेखेरीज आम्ही काही पाहत नाही असे ज्यांचे म्हणणे आहे त्यांनी आपल्या याद्या खुल्या कराव्यात. आज पहिली चाळणी संगणकावर घेता येते, मुलाखत पडद्यावर घेता येते; मग लातूरच्या किंवा चिपळूणच्या विद्यार्थ्याला अर्जही करता येऊ नये याला सबब उरत नाही. त्यात उपकाराचा प्रश्न नाही. ज्यांना दुधाचे बिल ठाऊक आहे अशांना बाहेर ठेवून दूध संघाला सल्ला देणे हा त्यांच्याच धंद्याच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार आहे.

तोवर विद्यार्थ्याने वाट पाहत बसू नये. घरातली डेअरीची पावती काढावी, दहा दिवसांचे दूध आणि दर मांडावा, पेंडीचा आणि चाऱ्याचा खर्च वजा करावा, आणि लिटरमागे घरात खरोखर काय उरते ते पाहावे. मग हेच शेजारच्या मित्राला, न अडखळता, पाच मिनिटांत समजावून सांगावे. मुलाखतीचे बोलावणे कधी येईल किंवा येणारही नाही. पण एवढे ज्याला जमले तो दूध संघाच्या वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारू शकेल, आणि त्या प्रश्नाचे उत्तर व्यासपीठावरील मंडळींना द्यावेच लागेल.